पाऊस जुलैचा, ताप सप्टेंबरचा

मुंबईत वर्षातला सर्वांत जास्त पाऊस जुलै महिन्यात पडतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो. पण भांडुपमधील एखाद्या डॉक्टरांना विचारा, डेंग्यूच्या रुग्णांची खरी गर्दी केव्हा होते? ते सप्टेंबर-ऑक्टोबर सांगतील. हिवतापाचे रुग्णही पावसाळा चांगला मुरल्यावर, ऑगस्टच्या सुमारास वाढतात. पावसाने डास वाढतात आणि डासांमुळे ताप येतो, हे प्राथमिक शाळेतला मुलगाही सांगेल. मग पाऊस आणि ताप यांच्यामध्ये हे दीड-दोन महिने का जातात?

हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधायला तपमापक, पर्जन्यमापक आणि थोडेसे अंकगणित पुरते. शिवाय उत्तर सापडले की ताप रोखण्याची योग्य वेळही आपोआप सापडते. म्हणून आज हे गणित आपण मिळून सोडवू.

तीन डास, तीन आवडी

प्रथम डासांची ओळख करून घेऊ. मुंबईत मुख्यतः तीन प्रकारचे डास आपल्याला त्रास देतात. घाण पाण्यात, गटारांत वाढणारा क्युलेक्स हा संख्येने सर्वांत जास्त. रात्री कानाशी गुणगुणणारा तो हाच. हत्तीरोगाचा प्रसार त्याच्यामुळे होतो. हिवताप पसरवणारा मुंबईतला मुख्य डास म्हणजे ॲनॉफिलिस स्टीफेन्सी. तो रात्री चावतो, पण वाढतो मात्र स्वच्छ पाण्यात : विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, बांधकामावर साठवलेले पाणी या त्याच्या जागा. तिसरा एडिस इजिप्ती. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो आणि डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवतो. त्यालाही स्वच्छ पाणीच लागते आणि तेही फार लागत नाही. फुलदाणी, कुंडीखालची बशी, फेकलेली करवंटी, जुना टायर, काहीही चालते.

म्हणजे गटार तुंबले की डेंग्यू होतो, ही समजूत बरोबर नाही. गटार साफ हवेच, पण डेंग्यूचा डास बहुधा आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात जन्मलेला असतो.

या तिघांचेही बालपण पाण्यात जाते. अंड्यातून अळी, अळीपासून कोष आणि कोषातून पंख असलेला डास. अळी पाण्यात राहते, पण श्वास हवेतला घेते. एडिस आणि क्युलेक्सची अळी शेपटीकडची श्वासनलिका पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून उलटी लोंबकळते, ॲनॉफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते. पृष्ठताणाचा धडा तुम्ही शिकला असाल. पाण्याच्या पृष्ठभागावरचा तो ताणलेला पडदा अळीच्या उपयोगी पडतो. खळाळत्या पाण्यात हा पडदा स्थिर राहत नाही, म्हणून अळ्यांना साचलेले पाणी हवे असते.

तपमानाचे गणित

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. या शोधातली एक गोष्ट बऱ्याचदा नजरेतून सुटते. डास हा केवळ सुईसारखा नसतो. रुग्णाचे रक्त घेतले आणि लगेच दुसऱ्याला चावून रोग दिला, असे होत नाही. परजीवीला मादीच्या जठरात वाढावे लागते, संख्येने अनेकपट व्हावे लागते आणि मग लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचावे लागते. त्यानंतरच तिचा डंख धोक्याचा ठरतो.

या प्रवासाला किती दिवस लागतात? डासाला आपल्यासारखे कायम ३७ अंशांचे शरीर नसते. बाहेरच्या हवेचे जे तपमान, तेच जवळजवळ त्याच्या शरीराचे. त्यामुळे परजीवीची वाढही हवेच्या तपमानावर अवलंबून राहते. डेटिनोव्हा या रशियन संशोधिकेने १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात यासाठी एक सोपे सूत्र दिले आहे. फॅल्सिपॅरम या घातक हिवतापासाठी ते असे :

दिवस = १११ ÷ (तपमान − १६)

तपमान अर्थातच सेल्सिअस अंशांत. आता तुम्हीच आकडे घालून पाहा. तपमान २० अंश असेल तर १११ भागिले ४, म्हणजे सुमारे २८ दिवस. २४ अंशांना १४ दिवस. २८ अंशांना ९ दिवस. १६ अंशांना छेद शून्य होतो, म्हणजे परजीवीची वाढ थांबतेच. सूत्राला वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. तपमान ३५ अंशांच्या आसपास पोचले की परजीवी आणि डास दोघांनाही उष्णता सोसवत नाही आणि हे सूत्र लागू पडत नाही.

आता या दिवसांची डासाच्या आयुष्याशी सांगड घालू. समजा, रोज शंभरातले दहा डास मरतात आणि नव्वद उरतात. म्हणजे नऊ दिवसांनी किती उरतील? ०.९ चा नववा घात काढा : सुमारे ०.३९. शंभरातले ३९ डास रोग देण्याच्या अवस्थेपर्यंत पोचतात. पण तपमान २० अंश असेल तर २८ दिवस जगायला हवे. ०.९ चा अठ्ठाविसावा घात सुमारे ०.०५. शंभरातले फक्त पाच! तपमानात आठ अंशांचा फरक, पण धोकादायक डासांच्या संख्येत जवळजवळ आठपट फरक. परजीवीची वाढ आणि डासाचे आयुष्य यांच्यात ही शर्यत चालू असते आणि उबदार हवा परजीवीच्या बाजूने असते.

मुंबईकडे पाहा. पावसाळ्यात दिवसाचे तपमान ३० अंशांच्या आसपास, रात्रीचे २५. सरासरी साधारण २७ ते २८. म्हणजे परजीवीला नऊ-दहा दिवस पुरतात. जानेवारीतही सरासरी २४ अंशांच्या आसपास राहते, तेव्हा लागतात चौदा दिवस. म्हणजे येथील थंडी ही शर्यत मंदावते, पण थांबवत नाही. म्हणून मुंबईत हिवताप वर्षभर तग धरून राहतो.

हवेतील ओलावा

मग उन्हाळ्यात काय होते? नागपूरला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. मुंबईत तेवढा उष्मा नसतो, पण घाम वाळत नाही. हा फरक डासाच्या दृष्टीने जीवनमरणाचा आहे.

एक सेंटिमीटर बाजू असलेला घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सें.मी. आणि घनफळ १ घन सें.मी. बाजू एक मिलिमीटर केली तर घनफळाच्या मानाने पृष्ठफळ दसपट होते. वस्तू जितकी लहान, तितके तिचे पृष्ठफळ घनफळाच्या तुलनेत जास्त. डासाचे वजन जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम. त्याच्या अंगातल्या पाण्याच्या मानाने पाणी उडून जाण्याची जागा फार मोठी असते. म्हणून कोरड्या हवेत तो लवकर सुकून मरतो.

हवा किती तहानलेली आहे, हे मोजता येते. २८ अंशांची हवा एका घनमीटरमध्ये सुमारे २७ ग्रॅम बाष्प धरू शकते. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर ती आणखी फक्त ४ ग्रॅम शोषून घेईल. उलट ४२ अंशांची हवा सुमारे ५६ ग्रॅम बाष्प धरू शकते, आणि आर्द्रता २० टक्के असेल तर आणखी ४५ ग्रॅमची जागा शिल्लक राहते. म्हणजे मे महिन्यातली विदर्भातली हवा जुलैतल्या मुंबईच्या हवेपेक्षा दहापटीहून अधिक तहानलेली असते. अशा हवेत रोज शंभरातले तीस डास मेले असे धरले, तर नऊ दिवसांनी ०.७ चा नववा घात, म्हणजे शंभरातले चारच उरतात. साधारणपणे सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असली की डास हिवताप पसरवण्याइतका जगतो, असा अनुभव आहे.

पाऊस किती, यापेक्षा कसा

आता पावसाकडे येऊ. जास्त पाऊस म्हणजे जास्त डास, असे मात्र सरळ त्रैराशिक मांडता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या प्रलयंकारी पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला आणि त्याच वेळी कुलाब्याला फक्त ७३. एकाच शहरात एवढा फरक! असा धो-धो पाऊस उघड्यावरचे डबे, खड्डे, गटारे धुऊन काढतो. अळ्या पाण्याबरोबर वाहून जातात. डासांना मुसळधार पावसापेक्षा अधूनमधून येणारी सर आणि मध्ये चार-आठ दिवसांची उघडीप मानवते. पाणी भरते, पण सांडत नाही आणि आटतही नाही. जुलैतल्या संततधारेपेक्षा ऑगस्टअखेरचा ऊन-पावसाचा खेळ म्हणूनच अधिक धोक्याचा.

एडिसची आणखी एक युक्ती आहे. तो अंडी पाण्यात न घालता भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटवतो. पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने सुकी पडून तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की काही तासांत फुटू शकतात. गेल्या वर्षीच्या टायरमध्ये यंदाच्या पहिल्या पावसाबरोबर अळ्या दिसतात, त्या अशा.

मधले दिवस कोठे गेले?

आता सुरुवातीचा प्रश्न सोडवायला आपण तयार झालो. एक टायर घेऊ. १ जुलैच्या पावसाने तो भरला. अंड्यापासून डास होण्यास नऊ-दहा दिवस लागले, म्हणजे १० जुलै. मादीने तीन दिवसांत एका डेंग्यूच्या रुग्णाचे रक्त घेतले : १३ जुलै. विषाणू तिच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोचण्यास या हवेत साधारण दहा दिवस : २३ जुलै. तिने एका निरोगी मुलाला दंश केला आणि सुमारे सहा दिवसांनी त्याला ताप भरला. तारीख आली २९ जुलै.

पण हा झाला एकच रुग्ण. त्याला दुसरा डास चावायला दोन दिवस, डासाच्या शरीरातले दहा आणि नव्या माणसाच्या शरीरातले सहा, असे अठरा दिवसांचे एक आवर्तन होते. समजा, एका रुग्णापासून तिघांना लागण झाली. १६ ऑगस्टला ३ रुग्ण, ३ सप्टेंबरला ९ आणि २१ सप्टेंबरला २७! एका टायरची ही कथा. भूमितीश्रेणीचे वैशिष्ट्यच हे, की आरंभी ती डोळ्यांत भरत नाही आणि डोळ्यांत भरते तेव्हा फार पुढे गेलेली असते. सप्टेंबरमध्ये दवाखान्यापुढे लागणारी रांग ही जुलैमध्ये न उपसलेल्या पाण्याची रांग असते. हे आकडे अर्थात नमुन्यादाखल घेतले आहेत. प्रत्यक्षात दिवस थोडे मागेपुढे होतात, पण हिशेबाची रीत हीच.

१९११ चे दोन अहवाल

मग सारा दोष हवामानाचा समजून स्वस्थ बसावे काय? याचे उत्तर इतिहासात आहे. १९०८ साली पंजाबात भरपूर पावसानंतर हिवतापाची भयंकर साथ आली आणि शरद ऋतूच्या दोन महिन्यांत सुमारे तीन लाख माणसे दगावली. क्रिस्टोफर्स यांनी तिचा अभ्यास करून १९११ मध्ये अहवाल लिहिला. पाऊस आणि त्या आधीच्या काळातली धान्याची महागाई या दोहोंचा साथीशी संबंध आहे, असे त्यांनी दाखवले. उपाशी शरीराला हिवताप लवकर मारतो. पंजाब हा कमी पावसाचा मुलूख. तेथे ज्या वर्षी पाऊस जास्त, त्या वर्षी साथ मोठी.

त्याच १९११ साली मुंबईच्या हिवतापावर चार्ल्स बेंटली यांचा अहवाल निघाला. विहार तलावाचे पाणी १८६० पासून मुंबईला मिळू लागले होते, तरीही शहरातल्या वाड्यांत, चाळींत पुष्कळ विहिरी होत्या. बेंटली यांनी शोधून काढले, की मुंबईचा हिवताप दलदलीतून नव्हे, तर या विहिरी, टाक्या आणि कारंजी यांतल्या स्टीफेन्सी डासांतून येतो. मग विहिरी बुजवण्याची किंवा घट्ट झाकण्याची मोहीम निघाली. धार्मिक विधींना विहिरीचे पाणी लागत असल्याने विरोधही झाला, पण झाकलेल्या विहिरींनी हिवताप हटवता येतो हे मुंबईने पाहिले.

दोन्ही अहवाल शेजारी ठेवले की मुद्दा स्पष्ट होतो. पंजाबात डासाला पाणी आभाळ देत होते. मुंबईत ते माणूस देत होता. मुंबईत ऊब आणि दमटपणा दरवर्षी असतोच. कमी-जास्त करता येण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे साठलेले पाणी.

अलीकडचे आकडे हेच सांगतात. २०१० साली मुंबईत हिवतापाचे सुमारे ७६ हजार रुग्ण आणि १४५ मृत्यू नोंदले गेले. टाक्यांची झाकणे, बांधकामांची तपासणी, रक्ततपासणी आणि पुरा औषधोपचार यांवर भर दिल्यावर २०१९ मध्ये ही संख्या पाच हजारांच्या आत आली. आणि २०१९ हे काही दुष्काळाचे वर्ष नव्हते. त्या पावसाळ्यात सांताक्रूझला साडेतीन हजार मि.मी.हून जास्त पाऊस झाला होता! मात्र २०२३ मध्ये रुग्ण पुन्हा सात हजारांवर गेले. म्हणजे हे काम एकदा करून संपणारे नाही.

आपला स्टीफेन्सी तर आता परदेशीही पोचला आहे. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबूती येथे सापडला आणि पुढे इथिओपिया, सुदान येथे पसरला. आफ्रिकेतील हिवताप मुख्यतः खेड्यांतला आणि पावसाळ्यातला. हा डास मात्र शहरांतल्या पाण्याच्या साठ्यांत कोरड्या ऋतूतही वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे.

भांडुपची टेकडी

आता भांडुपच्या नकाशाकडे पाहा. पूर्वेला ठाण्याची खाडी, मिठागरे आणि तिवरांचे रान. पश्चिमेला चढत जाणारी टेकडी आणि पलीकडे विहार व तुळशीचे तलाव. याच भांडुपात मुंबईचे पाणी शुद्ध करणारे प्रचंड केंद्र आहे, आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. पण पाणी चढावर जायला दाब लागतो. दर दहा मीटर उंचीला जवळजवळ एका वातावरणाइतका दाब खर्च होतो. टेकडीच्या उतारावरच्या वस्त्यांत पाणी ठरावीक वेळीच येते आणि मग ते पिंपांत, ड्रमांत भरून ठेवावे लागते. तेथे पिंप ही घरची गरज आहे. ते ठेवू नका, असे कोणी सांगू नये. ते झाकून ठेवा, एवढेच सांगता येते.

तसेच छपरांचे. पावसाळ्यापूर्वी पत्र्यांवर निळी ताडपत्री घालतात आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून वर जुने टायर ठेवतात. जूनचा वारा पाहता ते योग्यच आहे. पण प्रत्येक टायरच्या आतल्या खोबणीत दोन-तीन लोटे पाणी साठते, सावलीतले आणि स्वच्छ. एडिसला याहून चांगले घर कोणते? टायरला खालून-वरून चार भोके पाडली तरी पाणी निथळून जाते, किंवा टायरऐवजी वाळूची पिशवी ठेवता येते. खाली सपाटीवर जुन्या कारखान्यांच्या जागी उंच इमारती उठत आहेत. तेथे तळघरांत आणि ओल्या गिलाव्यासाठी भरलेल्या टाक्यांत स्टीफेन्सीची सोय होते. टेकडीवरची वस्ती आणि सपाटीवरचा मनोरा, डास दोहोंना सारखेच लेखतो.

आठवड्यातला एक दिवस

आपल्या गणितातला सर्वांत दुबळा दुवा कोणता? हवेचे तपमान आपण बदलू शकत नाही. पाऊस थांबवू शकत नाही. उडालेल्या डासाचा पाठलाग करणे कठीण. पण अंड्यापासून डास होईपर्यंतचे आठ-दहा दिवस तो पाण्यात बंदिवान असतो. त्या मुदतीत एकदा पाणी ओतून दिले की पुढचे सारे आवर्तन तुटते. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा असे सांगतात. सात दिवस हा आकडा पंचांगातून आलेला नाही, तो अळीच्या वाढीतून आला आहे. आणि पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आतली कड घासायला हवी. का ते एडिसच्या अंड्यांविषयी वाचताना तुमच्या लक्षात आलेच असेल. पिंपाला झाकण नसेल तर दुहेरी सुती कापड ताणून बांधावे. मोठ्या उघड्या टाकीत गप्पी मासे सोडावेत.

शाळेत हा प्रयोग करून पाहा. सपाट तळाच्या, उभ्या बाजूंच्या बाटलीने रोजचा पाऊस मोजा. साध्या तपमापकाने सकाळ-दुपारचे तपमान घ्या. दर शनिवारी आपापल्या घरातली व शाळेच्या आवारातली पाण्याची भांडी तपासा. अळ्या सापडलेली घरे भागिले तपासलेली घरे, गुणिले शंभर, हा झाला घर-निर्देशांक. आलेखावर पाऊस आणि घर-निर्देशांक एकाखाली एक मांडा आणि दोन शिखरांमध्ये किती आठवडे अंतर पडते ते पाहा. गच्चीवरच्या उंच टाक्यांवर मात्र चढू नका, ते काम मोठ्यांचे. अळ्या सापडल्या की मोजून लगेच पाणी कोरड्या जमिनीवर ओतून द्या. आणि घरात कोणाला पावसाळ्यात ताप आला, तर अंगावर न काढता रक्त तपासून घ्या. हिवतापावर खात्रीची औषधे आहेत. डेंग्यूच्या विषाणूवर तसे खास औषध नाही, पण वेळीच देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण वाचतात.

दवाखान्यातली रांग पाहून जागे झालो तर आपल्याला दोन महिने उशीर झालेला असतो. म्हणून पहिल्या पावसानंतरच्या पहिल्या शनिवारी पिंप घासा. त्या दिवशी कोणालाच ताप नसेल, आणि ते काम करण्याची वेळ तीच आहे.